अलविदाचा सलाम

सौदीत आल्यावर मां अगदी साध्या गोष्टी विचारायची. हा एसी कधी बंद होतो की नाही, या समुद्राला मासळीचा वास कसा नाही, एवढ्या रुंद रस्त्यांवरून चालतं कोण. मी जमतील तशी उत्तरं द्यायचे. मग एकदा जेद्दाहून परत येताना गाडीच्या खिडकीतून तिला एक लांबच लांब भिंत दिसली. फाटक उघडं होतं, आत नुसतं मैदान आणि मातीत रोवलेले ओबडधोबड दगड. हे काय, तिने विचारलं. कबरस्तान, मी म्हणाले. ती मान वळवून दिसेपर्यंत मागे बघत राहिली आणि मग म्हणाली, नावं कुठायत?

मी तिला सांगितलं की इथे नावं लिहीत नाहीत. बादशहा असो नाहीतर हमाल, सगळ्यांना तसाच दगड आणि तशीच माती. हे सांगताना मला थोडा अभिमानच वाटत होता, जणू ही व्यवस्था मीच लावून दिली होती. मांने पुढचं विचारलं, मग येणाऱ्याला कळतं कसं? मी म्हणाले, येतं कोण, आणि बायकांना तर आत सोडतच नाहीत. गाडी माझे यजमान चालवत होते, त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. 

आमच्या गावातही बायका कबरस्तानात जात नाहीत, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. पण ते तितकंसं खरं नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात कबरस्तान खाडीवर जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. जांभ्या दगडाची कमरेइतकी भिंत, तिच्यापलीकडे मोगरा आणि सब्जा लावलेल्या कबरी. मासे आणायला जाणाऱ्या बायका तिथे थांबतात, डोक्यावरचा पदर पुढे ओढतात, भिंतीपाशी उभ्या राहून फातिहा पढतात आणि जाता जाता आपल्या माणसाला घरातल्या चार गोष्टीही सांगून टाकतात. अब्बा गेल्यापासून मां दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, हे करायची. पोरीचा फोन आला होता, कौलं शेकारली, तुमच्या भावाने पुन्हा बांध सरकवला, असं सगळं. अब्बांच्या शेजारची जागा तिने स्वतःसाठी सांगून ठेवली होती. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आम्ही राहतो ती किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी. नाव एवढं लांब की आम्ही नुसतं सिटी म्हणतो, आणि या सिटीत माणसं शोधावी लागतात. यजमान बंदरावर इंजिनिअर आहेत. त्याआधी बरीच वर्षं आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला एका पावसाळी गावात होतो आणि मी तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करायचे. तिथे मी डोक्याला रुमाल बांधणारी एकटीच होते, त्यामुळे इस्लामचं चौकशी खिडकीचं काम आपोआप माझ्याकडे आलं. रमजानात प्रत्येक जण विचारायचा, पाणीसुद्धा नाही? मी हसून सांगायचे, पाणीसुद्धा नाही. जगात कुठे काही स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी जरा जास्तच हसायचे, म्हाताऱ्यांना उठून जागा द्यायचे. तिथे मी एक गोष्ट पक्की शिकले. आपल्या घरातलं काही खटकलं तरी बाहेर बोलायचं नाही. बाहेर सगळं छान आहे. मला कोणी जबरदस्ती करत नाही, मी खूप सुखी आहे, थँक्यू. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की एकटी असतानाही खरं काय ते स्वतःला सांगायची सवय गेली.

त्याच गावात माझा मुलगा पुरलेला आहे. दिवस भरायच्या आत झाला, रडलाच नाही. म्युनिसिपालिटीच्या कबरस्तानात मुसलमानांसाठी एक कोपरा होता, तिथे त्याला ठेवला, आणि डोक्याशी एक छोटा दगड लावला. त्या देशाने मला पुष्कळ गोष्टींनी रडवलं, पण त्या फाटकावर मला कोणी अडवलं नाही. दर जुम्याला, शुक्रवारी शाळा सुटल्यावर, मी जायचे. चिखलात बूट रुतायचे. पलीकडे एक गोरा म्हातारा बायकोसाठी फुलं घेऊन यायचा, आम्ही एकमेकांना मान लववायचो. मग यजमानांना इथली नोकरी मिळाली. सगळे म्हणाले, काय नशीब आहे, अल्लाहच्या घराशेजारी बोलावणं आलं. आम्ही आलो. दगड तिकडे राहिला.

हे सगळं मांला माहीत होतं. म्हणून त्या गाडीतल्या बोलण्यानंतर काही दिवसांनी, मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते आणि ती स्टुलावर बसून लसूण सोलत होती तेव्हा, ती एकदम म्हणाली, "मला हितं ठेवू नको गो."

मी म्हणाले, काय बोलतेस, परतीचं तिकीट काढलंय तुझं.

"तसं नाय. काय झालंच तर. तुज्या बाळाची कबर तू दर जुम्याला बघायचीस. माजी कोण बघनार?"

मग ती इकडेतिकडे बघत, चोरी केल्यासारखी, हलक्या आवाजात बोलत राहिली. इथली माती मिळावी म्हणून लोक आयुष्यभर दुआ मागतात, आणि आपल्याला ती नको वाटते, म्हणजे आपल्या ईमानात काही खोट आली का, असं तिला वाटत होतं. हे कोणाला सांगू नकोस, जमाईला तर अजिबात नको, असं तिने मला दोनदा बजावलं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाले, नाही सांगणार, आणि ठेवणारही नाही. माझी मां पाच वक्ताची नमाजी, हज केलेली, तसबीह हातातून न सोडणारी बाई. तिला फक्त घरी जायचं होतं.

तिची फुप्फुसं सुकत चालली होती. येताना नुसता खोकला होता, इथे आल्यावर दोन पावलं चालली की धाप लागायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की विमानात न्यायची असेल तर आत्ता न्या, पुढे कोणी चढू देणार नाही. मी तिकीट अलीकडे आणलं. प्रवास झेपेल असा दाखला मिळवला, विमानातल्या ऑक्सिजनची सोय केली, व्हीलचेअर सांगितली. यजमानांनी माझा एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा काढला, मी तिला घरापर्यंत सोडून येणार होते. त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. मांला श्वास चालू असताना मुंबई विमानतळावर उतरवायचं आणि पुढे गाडीने घरी न्यायचं. तिच्या खोलीत खाडीचा वारा येतो. मग जे व्हायचं ते होवो.

आणि मग अलविदाच्या सलामाची गोष्ट निघाली.

आमच्याकडची माणसं इथून कायमची परत जायला निघाली की एकदा मदिनेला जाऊन पैगंबरांच्या कबरीपाशी निरोपाचा सलाम करतात. कोणी फर्ज केलेलं नाही, पण सलाम न करता निघणं म्हणजे घरधन्याला न सांगता जेवून उठून जाण्यासारखं मानतात. यजमान म्हणाले, आपल्याकडून आगगाडीने मदिना किती जवळ, सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत परत येऊ. मी म्हणाले, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. गावाहून भाईचा फोन आला. भाई माझ्याहून मोठा, जमातीच्या कमिटीत आहे, गावात त्याचा शब्द चालतो. तो म्हणाला, ती आता पुन्हा तिकडे येणार आहे का, शेवटचा सलाम चुकवू नका. मी त्यालाही नाही म्हणाले. दोघांशीही मी चांगलीच भांडले, तोंडाला येईल ते बोलले. सलाम इथूनही पोचतो, हे मी मोठ्या आवाजात सांगितलं.

मांनेच ते भांडण मिटवलं. आतल्या खोलीतून भिंतीला धरून आली आणि म्हणाली, जाऊया. मी तिला धरून पलंगावर बसवलं. ती म्हणाली, "दारात आले आनि सलाम न करता गेले तर काय तोंड दाखवू?"  तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते. हे ज्याला कळत नाही त्याला आमचा राग समजावून सांगता येईल, आमचं प्रेम नाही.

आगगाडीत ती खिडकीशी बसली होती, बाहेर काळे डोंगर होते, आणि ती पैगंबरांवरचा दरूद पढत होती. तब्येत बरी वाटत होती, खरं तर. मशिदीच्या अंगणात आम्ही तिची खुर्ची कबरीवरचा हिरवा घुमट दिसेल अशी उभी केली. आत कबरीपाशी जायला मोबाइलवर वेळ घ्यावी लागते, ती मिळाली नव्हती, म्हणून तिने तिथूनच सलाम केला. गावातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याचा सलाम पोचवला, शेजारणीचा, मासेवालीच्या पोराचा, गेलेल्या अब्बांचासुद्धा. मला वाटतं तिच्याजवळ होता नव्हता तेवढा श्वास तिने त्या नावांवर खर्च केला. परतीच्या गाडीला वेळ होता. जवळच्या एका हॉटेलात खोली घेऊन जरा आडवी करावी म्हणून नेली तर तिचे ओठ निळे पडले होते.

हॉस्पिटलात तिने माझा हात धरून ठेवला होता. तोंडावर मास्क होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. ती डोळ्यांनी मला सारखं दाराकडे दाखवत होती. तिथली नर्स केरळची होती, तिला वाटलं पेशंटला कोणी भेटायला यायचं आहे. तिने हिंदीत विचारलं, किसको बुलाना है? कोणाला बोलवायचं नव्हतं. मांला निघायचं होतं. सकाळी फजरच्या अजाननंतर थोड्या वेळाने तिचा हात सैल झाला. मी कलमा पढत होते तो तिने ऐकला की नाही, मला सांगता येणार नाही.

यजमान रडले. मनापासून रडले, त्यांचाही तिच्यावर जीव होता. मग डोळे पुसून म्हणाले, मदिनेत मौत, आणि बकीच्या कबरस्तानात जागा, असं नशीब कोणाचं असतं? मी म्हणाले, तिला घरी न्यायचंय. त्यांना वाटलं मी भानावर नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी समजुतीने सांगायला सुरुवात केली. कॉन्सुलेट, पोलिसांचे कागद, औषधं टोचून शरीर टिकवणं, पेटी, विमानातलं सामान. किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि आपल्यात मय्यत अशी अडकवून ठेवत नाहीत. यातलं काहीच खोटं नव्हतं. मय्यत लवकर दफन करावी हे मीही मानते. मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते की तिला थंड कपाटात ठेवा?

वारसाची संमती लागणार होती, आणि वारस म्हणजे भाई. यजमानांनी फोन माझ्या हातात दिला. मांला दिलेला शब्द मी तेव्हा मोडला. दुसरा उपाय नव्हता. मी भाईला सगळं सांगितलं, लसूण सोलताना ती काय म्हणाली, अब्बांच्या शेजारची जागा, येणाऱ्याला कळणार कसं हा प्रश्न.  मग तो म्हणाला, "हे माझ्याजवळ बोललीस, आता कोणाजवळ बोलू नकोस."

मी म्हणाले, भाई, तिची वसियत होती.

"मदिनेत मौत आली आणि हिला ती माती नको होती, असं लोक बोलतील. तिच्या ईमानावर बोट ठेवतील. गेल्यावर तिची अब्रू घालवणार आहेस का?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण मांला स्वतःलाच त्या बोटाची भीती वाटत होती, हे मला माहीत होतं, आणि भाईने नेमकं तिथे हात घातला होता. शिवाय माझी जुनी जीभ, चौकशी खिडकीवरची, तयार बसलेलीच होती. सगळं छान आहे. खूप नशीबवान. थँक्यू. मी फोन यजमानांना परत दिला.

गुस्लच्या, म्हणजे मय्यतीला अंघोळ घालायच्या जागी मला आत घेतलं. धुणारी बाई उंच, सावळी, बहुतेक सुदानकडची होती. हात फार हळू चालत होते तिचे, झोपलेल्या बाळाला अंघोळ घालावी तसे. मी पाणी ओतत होते. मांच्या टाचांना भेगा होत्या, मी त्या चोळून स्वच्छ केल्या, कारण ती स्वतः कुठे जायच्या आधी नेहमी तेच करायची. कफन बांधून झाल्यावर त्या बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, हनीअन लहा. म्हणजे, किती भाग्याची आहे ही. मी मान हलवली.

जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतर पुकार झाली की मय्यतींची नमाज आहे. एक मय्यत नाही, अनेक. पुरुष, बायका, एक लहान मूल. बायकांच्या बाजूला मी हजारोंच्या ओळीत उभी होते, पुढे काही दिसत नव्हतं. माझ्या शेजारी तुर्की असावी अशी एक म्हातारी होती, दुसऱ्या बाजूला फोन हातात धरलेली एक मुलगी. सगळ्यांनी माझ्या मांची नमाज पढली आणि कोणालाही ती कोण हे माहीत नव्हतं. नमाज फार लहान असते, सजदाही नसतो. शेवटी मान वळवून मी सलाम फिरवला तोवर पुरुष खांद्यावर घेऊन निघालेही होते. बकी मशिदीच्या शेजारीच आहे. मी अंगणात उन्हात उभी राहून तिकडच्या भिंतीकडे बघत राहिले. ती भिंत कमरेइतकी नाही, खूप उंच आहे.

यजमान परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना माती लागली होती. मी विचारलं, कुठे? त्यांनी हाताने दाखवलं, आत गेल्यावर जरा लांब, डावीकडे. ओळखायला काय? ते म्हणाले, "काही नाही गं. दगड आहे. सगळे सारखेच आहेत."

त्यांना आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं असावं, कारण ते खाली वाकून चपलांची माती झटकायला लागले. रिकामी व्हीलचेअर भाड्याची होती, ती परत करून आम्ही आगगाडीत बसलो.

घरी पोचेपर्यंत फोन सुरू झाले. पहिला भावजयीचा. ती रडत नव्हती, तिचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता. मुबारक हो, असं म्हणाली. मग चाचाचा, मामेबहिणींचा, रियाधमधल्या, दमाममधल्या ओळखीच्यांचा. सिटीतल्या बायका मिठाई नव्हे पण खजुरांचे डबे घेऊन आल्या. पुण्याच्या एका इंजिनिअरची बायको, आमच्या मजल्यावरची, हिंदू आहे. ती तेवढी आली आणि नुसती शेजारी बसली. तिला काय बोलायचं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून ती काही बोलली नाही. तिच्याजवळ मला बरं वाटलं. बाकी सगळ्या मला विचारत होत्या की मांने अशी कोणती इबादत केली होती. गावात भाईने मशिदीतल्या वाजमध्ये, म्हणजे प्रवचनाच्या वेळी, सांगून टाकलं की आमच्या मांची शेवटची इच्छा होती, मदिनेची माती मिळावी. ते ऐकून माणसं रडली म्हणे.

माझी मुलगी इथल्या भारतीय शाळेत शिकते, तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती मला हिंदीत उत्तरं देते. एकदा तिने विचारलं, मम्मा, आप नानी के लिए रोती क्यों नहीं? मी म्हणाले, नानी खूप चांगल्या जागी आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. इंग्लंडात शाळेतल्या बायका बघायच्या तशी.

चाळिसाव्याला गावात फातिहा ठेवली. इथे असलं काही मानत नाहीत, यजमानांनाही ते पटत नाही, पण त्यांनी काही म्हटलं नाही. भावजयीने व्हिडिओ कॉल लावला. मुलीने फोन माझ्यासमोर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. पडवी बायकांनी भरलेली होती, अगरबत्तीचा धूर दिसत होता, आतून बिर्याणीच्या डेगी सरकवल्याचा आवाज. एकेक बाई फोनपुढे येऊन माझं अभिनंदन करत होती. आमच्या शेजारची खाला सगळ्यात शेवटी आली. मांच्या वयाची, डोळ्यांना आता नीट दिसत नाही, तिने फोन एकदम तोंडाजवळ धरला, त्यामुळे मला फक्त तिचं कपाळ आणि एक डोळा दिसत होता. तिने मुबारक म्हटलं नाही. ती म्हणाली, "काय गो बाय, तुज्या मांला यायचं होतं ना?"

फोन तिच्या हातात जरा कलला. मागे दारात भाई उभा असलेला मला दिसला. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो माझ्याकडे.

मी म्हणाले, "हो खाला. यायचं होतं."

आणि मी रडायला लागले. हॉस्पिटलात रडले नव्हते, गुस्लला नाही, त्या उन्हात उभी होते तेव्हाही नाही. आता माझ्या तोंडातून असा आवाज निघत होता की मुलगी घाबरून मागे सरली. फोन कोणीतरी खालाच्या हातातून काढून घेतला. पडवीतल्या बायका पडद्यावर दाटीवाटीने पुढे आल्या, सगळ्या चांगल्या, मायेच्या, माझ्या लहानपणापासूनच्या. त्या मला हळू आवाजात समजावत होत्या की रडू नको पोरी, असल्या मौतीवर रडत नसतात.